चुलतदादाचं पुस्तक

26 जुलै 2024 ला माझे पाच गुण गेले. 617 चे 612 झाले. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटचा पेपर फुटल्याच्या बातम्या, 1563 जणांना दिलेले वाढीव गुण, त्यांची 23 जूनची फेरपरीक्षा, हे सगळं बारामतीजवळच्या आमच्या पिंपळीत पारावरसुद्धा चघळून झालं होतं, ते उगाळत नाही. पण हे पाच गुण मला अजून घरात कुणाला समजावता आलेले नाहीत.

फिजिक्समध्ये अणूवर दोन विधानं होती. दुसरं असं, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वर्णपट देतात. मी एनसीईआरटीचं चुलतदादाचं पुस्तक वापरायचे, त्याच्या पेन्सिलच्या खुणांसकट. त्यात हे वाक्य असंच होतं. नव्या आवृत्तीत 'बहुतेक मूलद्रव्यांचे' झालंय. आधी हे विधान बरोबर आणि चूक, अशी दोन्ही उत्तरं ग्राह्य धरली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांना विचारलं गेलं आणि विधान चूक, हे एकच उत्तर उरलं. शास्त्र म्हणून बरोबरच आहे ते, युरेनियम कुठं स्थिर असतं? पण माझे मिळालेले चार गेले, वरून चुकीचा एक वजा. असे आम्ही चार लाखांच्या वर होतो. आई म्हणाली, "एवढ्या जणांचे गेले ना, मग तुझं काय एकटीचं बिघडलं?" अगं, पण ज्यांनी नवं पुस्तक घेतलं त्यांचे नाही गेले! पहिल्या निकालात 720 पैकी 720 वाले 67 होते, त्या दिवशी 17 राहिले. मला त्या पन्नास जणांचंही वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

खरं तर 617 लाही बारामतीचं शासकीय मेडिकल मिळालं नसतं. आदल्या वर्षी एवढ्या गुणांना देशात 30 हजारांच्या आत क्रमांक यायचा, 2024 ला तो 50 हजारांच्या पलीकडे गेला. 2019 ला ते कॉलेज सुरू झालं तेव्हापासून माझे वडील, आप्पा, म्हणायचे, पोरीचा होस्टेलचा खर्च वाचला.

मग खल सुरू झाला. खासगी एमबीबीएस मिळत होतं, पण आप्पा शिक्षक, उत्पन्न आठ लाखांच्या वर, सवलत शून्य. म्हणजे कॅनॉलकडचा ऊस विकून नव्हे, रान विकून फी. परदेशवाल्या एजंटाने मुलींच्या वेगळ्या मेसचे फोटो दाखवले. 54 महिने शिक्षण, मग तिथे एक वर्ष इंटर्नशिप, इथे परीक्षा आणि पुन्हा एक वर्ष इंटर्नशिप, हे मी विचारल्यावर सांगितलं. एजंटाकडे जाणाऱ्यांनी आधी हे नियम वाचून जावं, फोटो नंतर बघावेत. रिपीट करायची माझी तयारी होती, घराची नव्हती.

शेवटी पुण्यात बीएएमएस. आत्या म्हणाली, "मुलीच्या जातीला आयुर्वेदच बरा." त्या वाक्याने मी प्रवेश रद्द करायला निघाले होते. पण पहिल्या वर्षी रचना शारीर शिकताना प्रत्यक्ष विच्छेदन केलं आणि मी रमले. अष्टांगहृदयाचे श्लोक मात्र आधी वैताग आणायचे. आता परीक्षा नसतानाही तोंडात येतात.

धाकटा भाऊ यंदा अकरावीला आहे. बीएएमएस कमी नाही, असं मी गावभर सांगते. त्याला मात्र सांगितलंय, एमबीबीएसच घे, आणि पुस्तकं नवी आण.