रस्त्यावर एकटा

जर्मनीच्या पश्चिमेला आयफेल नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या हवेचा भरवसा नाही. एका उतारावर ऊन असते तेव्हा पलीकडच्या उतारावर सरी कोसळत असतात. १९२५ साली बेकारांच्या हातांना काम मिळावे म्हणून न्यूरबुर्गच्या जुन्या किल्ल्याभोवती शर्यतीचा रस्ता बांधायला घेतला. १९२७ मध्ये तो खुला झाला आणि मोटारींची पहिली शर्यत रुडॉल्फ काराचिओलाने मर्सिडीजमधून जिंकली. त्या रस्त्याचा उत्तरेकडचा फेरा सुमारे २२.८ किलोमीटरचा. दीडशेहून अधिक वळणे, जवळजवळ तीनशे मीटरचा चढउतार, आणि तेव्हा कडेला कुंपण नव्हते, नुसती झाडी. मोटार शर्यतींचा इतिहास म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे आधी हा न्यूरबुर्गरिंग येतो. मोनाकोची झगमग आणि मोंझाचा वेग नंतर.

कारण इथे चालक एकटा पडे. पिटसमोरून गाडी निघून गेली की नऊ-दहा मिनिटे ती कुठे आहे, धड आहे की नाही, हे त्याच्या माणसांना कळायला मार्ग नसे. पुढच्या वळणापलीकडे काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, ते आठवणीतून काढावे लागते. आषाढात धुक्यातून आंबोली घाट उतरलेल्याला अशा आठवणीवर विसंबण्याची थोडी कल्पना येईल. इथे वेग मात्र ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढचा.

१९३५ मध्ये इथेच ताझिओ नुवोलारीने जुन्या पडलेल्या अल्फा रोमिओतून मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या बलाढ्य गाड्यांना हरवले. शेवटच्या फेरीत पुढे असलेल्या फॉन ब्राउखिचचा टायर फाटला आणि बेचाळिशीचा तो लहानखुरा इटालियन जर्मनांच्या घरात जिंकला. जुने जाणकार त्या विजयाला सर्वांत मोठा मानतात. माझे मन मात्र त्यानंतर बावीस वर्षांनी झालेल्या एका शर्यतीत अडकले आहे.

ती शर्यत हुआन मॅन्युएल फांजिओची. तो अर्जेंटिनातल्या बालकार्से गावचा. आईवडील इटलीहून आलेले. पोरवयातच तो गॅरेजात कामाला लागला. गाडी चालवण्याआधी त्याला ती खोलता आणि जोडता येत होती, आणि हे त्याच्या हातांत शेवटपर्यंत राहिले. तरुणपणी तो ज्या शर्यतींत उतरे, त्या आखीव ट्रॅकवरच्या नव्हत्या. १९४० मध्ये ब्यूनॉस आयर्सहून अँडीज ओलांडून पेरूतल्या लिमाला जायचे आणि परत यायचे, अशी साडेनऊ हजार किलोमीटरच्या आसपासची शर्यत त्याने शेवरोले गाडीतून जिंकली. १९४८ मध्ये पेरूतच त्याची गाडी कोसळली आणि शेजारी बसलेला सोबती डॅनियल उरुतिया गेला. युरोपात येऊन तो स्थिरावला तेव्हा चाळिशी जवळ आली होती. आज त्या वयाच्या आधीच बहुतेक चालक निवृत्त होतात. फांजिओ त्यानंतर पाच वेळा जगज्जेता झाला, तोही चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांतून.

न्यूरबुर्गरिंग त्याच्याकडून काय मागतो, हे त्याला ठाऊक होते. १९५४ मध्ये इथे सरावाच्या वेळी ओनोफ्रे मारिमोन गेला. तो अर्जेंटिनाचाच, फांजिओच्या पंखाखाली वाढलेला. त्याचे वडील फांजिओबरोबर त्या जुन्या रस्त्यांवर धावलेले. दुसऱ्या दिवशी शर्यत झालीच. देशबंधू फ्रोइलान गोंझालेझ इतका खचला होता की अर्ध्यातून गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन तो उतरला. फांजिओ शेवटपर्यंत धावला आणि जिंकला. त्या बावीस फेऱ्यांत, त्याच उतारावरून पुन्हा पुन्हा जाताना, त्याच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मी अनेकदा करतो आणि दर वेळी थांबतो.

४ ऑगस्ट १९५७. फांजिओ ४६ वर्षांचा, लाल मासेरातीत. समोर फेरारीचे दोन तरुण इंग्रज, माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स, एकमेकांचे जिवलग मित्र. फेरारीवाले पूर्ण टाकी भरून न थांबता धावणार होते. फांजिओने टाकी अर्धीच भरली. गाडी हलकी ठेवायची, आघाडी घ्यायची, मध्ये थांबून पेट्रोल आणि टायर घ्यायचे, असा बेत. बाराव्या फेरीअखेर तो थांबला तेव्हा हातात अर्ध्या मिनिटाची आघाडी होती. पण चाकाचा नट घरंगळला आणि मेकॅनिकांची धांदल उडाली. तो बाहेर पडला तेव्हा दोन्ही फेरारी पाऊण मिनिटाने पुढे निघून गेल्या होत्या.

नव्या टायरांवर त्याने आधी सबुरीने फेऱ्या मारल्या. मग सुरू झाले ते शर्यतींच्या इतिहासात पुन्हा क्वचितच दिसले. नेहमी जिथे गिअर खाली आणायचा, तिथल्या वेगवान वळणांवर तो एक गिअर वरचाच ठेवून शिरू लागला. गाडी घसरायची, घसरू द्यायची, आणि त्या घसरणीतच तिला पुढच्या वळणाच्या तोंडाशी आणायची. फेरीविक्रम मोडला, पुढच्या फेरीत पुन्हा मोडला, मग पुन्हा. विसावी फेरी त्याने ९ मिनिटे १७.४ सेकंदांत संपवली. सरावात त्यानेच दिलेली सर्वांत वेगवान वेळ ९ मिनिटे २५.६ सेकंदांची होती. आपल्याच सर्वोत्तमातून एका माणसाने तासाभरात आठ सेकंद काढले! एकविसाव्या फेरीत त्याने आधी कॉलिन्सला गाठले, मग चाके गवतावर घालून हॉथॉर्नला. शर्यत ३.६ सेकंदांनी त्याची झाली. हरलेले ते दोन तरुण त्याच्याभोवती असे आनंदाने नाचत होते, की कोण जिंकले ते कळू नये.

त्यानंतर दोन दिवस आपल्याला झोप लागली नाही, असे फांजिओ पुढे सांगत असे. असे आपण पूर्वी कधी चालवले नव्हते आणि पुन्हा कधी चालवायची इच्छाही नाही, असेही तो म्हणे. या शर्यतीचे गोडवे गाताना हे बोलणे बहुतेक जण गाळतात. मला ते विक्रमाहून मोलाचे वाटते. तो त्याचा जागतिक स्पर्धेतला शेवटचा विजय ठरला. पुढच्या वर्षी तो थांबला आणि १९९५ पर्यंत जगला. कॉलिन्स १९५८ च्या ऑगस्टमध्ये याच रस्त्यावर, प्लांझगार्टनच्या उतारावर गेला. हॉथॉर्न त्या वर्षीचा जगज्जेता झाला, मित्राच्या मृत्यूने मोडून निवृत्त झाला आणि १९५९ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या साध्या रस्त्यावर अपघातात गेला. दोघांनाही तिशी पाहता आली नाही.

पोरे मरत राहतील आणि आपण टाळ्या वाजवत राहू, हे ज्याने आधी नाकारले तो स्कॉटलंडचा जॅकी स्ट्युअर्ट. १९६६ मध्ये बेल्जियममधल्या स्पा इथे पावसात त्याची गाडी उडाली आणि तो पेट्रोलात भिजत आत अडकून पडला. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्डुरंट या शर्यतीतल्याच चालकांनी कुणा प्रेक्षकाकडून पाना मिळवून स्टिअरिंग सोडवले तेव्हा तो बाहेर आला. पुढे तो आपल्या गाडीत पाना बांधूनच शर्यतीत उतरे. १९६८ मध्ये न्यूरबुर्गरिंगवर धुके आणि पाऊस असा होता की पुढची गाडी दिसत नव्हती. मनगट दुखावलेले, त्याला आधार बांधलेला. स्ट्युअर्ट ती शर्यत चार मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला. आणि मग कठडे हवेत, डॉक्टर हवेत, आग विझवणारी माणसे हवीत, म्हणून त्याने आयोजकांच्या मागे लकडा लावला. १९७० मध्ये चालकांनी या रस्त्यावर धावायला नकार दिला आणि शर्यत हॉकेनहाइमला हलवावी लागली. स्ट्युअर्टला भित्रा म्हणणारेही निघाले. धुक्यातल्या त्या विजयानंतर हा शब्द उच्चारवला तरी कसा, हे मला आजही समजत नाही.

कठडे बसले, पण बावीस किलोमीटर तेवढेच राहिले. १९७६ मध्ये ऑस्ट्रियाच्या निकी लाउडाने इथे धावू नये असे चालकांपुढे मांडले. हा तोच लाउडा, ज्याने आदल्या वर्षी सरावात या रस्त्याची फेरी सात मिनिटांच्या आत आणली होती. बहुमत विरुद्ध गेले आणि तो धावला. दुसऱ्या फेरीत, बेर्गवेर्कच्या अलीकडे त्याची फेरारी कड्यावर आदळून पेटली. मागून आलेल्या मेर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल या चालकांनी गाड्या थांबवून त्याला ज्वाळांतून ओढून काढले. फुफ्फुसांत विषारी धूर गेला होता. इस्पितळात पाद्रीही येऊन गेला. सहा आठवड्यांत लाउडा मोंझाला हजर झाला, जखमांना पट्ट्या बांधून, आणि चौथा आला. त्या उत्तरेकडच्या फेऱ्यावर फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची शर्यत पुन्हा झाली नाही.

जगज्जेतेपदाचा निर्णय ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये, फुजीला लागायचा होता. लाउडा जेम्स हंटच्या तीन गुणांनी पुढे होता आणि पाऊस पडत होता. दोन फेऱ्यांनंतर तो पिटमध्ये आला आणि गाडीतून उतरला. इंजिन बिघडले असे जाहीर करू, असे फेरारीचे अभियंते माउरो फोर्गिएरी त्याला म्हणाले. लाउडाने ते मानले नाही. या पावसात धावणे वेडेपणा आहे म्हणून मी उतरलो, हेच त्याने सांगितले. हंट तिसरा आला आणि एका गुणाने जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी लाउडाने फेरारीतूनच ते पद परत मिळवले आणि मोसमाच्या दोन शर्यती बाकी असताना तो फेरारी सोडून गेला.