सत्तावीसचे बहात्तर

२०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीससाठी ‘वीस सात’ छापून आलं, तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले सगळे विनोद पुढं ढकलले, वर स्वतःचा एक जोडला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या, की संख्यांची जोडाक्षरांनी भरलेली जुनी नावं लहान मुलांना जड जातात, आणि जुने शब्द काढलेले नाहीत. ऐकतो कोण! विधानसभेतही थट्टा झाली. माझं म्हणणं एवढंच होतं : आम्ही शिकलोच ना? मग यांनाच काय धाड भरली?

हिमायतनगरात मी घरीच शिकवणी घेतो, गणित आणि इंग्रजीची. दोन वर्षांमागं पाचवीतली एक पोरगी आली. तिची आई दारातूनच म्हणाली, “सर, गणितात लय कच्ची हाय.” खरंच होती. सत्तावीस म्हटलं की ७२ लिहायची, अडुसष्ट म्हटलं की ८६. मी प्रत्येक आकडा पन्नास पन्नास वेळा लिहायला लावला. एकदा सगळ्यांदेखत ‘उलट्या खोपडीची’ म्हणालो. पोरं खिदळली. त्या दिवसापासून ती डावा हात वहीवर आडवा धरूनच लिहू लागली. बोलणं तर बंदच.

पुढं इंग्रजीच्या तासाला आकड्यांचं श्रुतलेखन घेतलं. ‘ट्वेंटी सेव्हन’ म्हटलं, तिनं २७ लिहिलं. ‘सिक्स्टी एट’ला ६८. दहापैकी दहा. मला वाटलं, शेजारच्याचं बघितलं. वेगळं बसवून पुन्हा घेतलं. पुन्हा दहा.

उलगडा झाला आठवडी बाजारात. आई भाजी विकत होती, ही पोत्यावर बसून सुट्टे पैसे मोजत होती, मोठ्यानं आणि न चुकता : “इरवै एडु.” तेलुगूत इरवै म्हणजे वीस, एडु म्हणजे सात. तेलुगू मुलखातलं आदिलाबाद आम्हाला जवळ. तालुक्यात कुठं तेलुगू, कुठं गोरमाटी, कुठं उर्दू. जन्म इथं गेला, तेलुगू आकडे ऐकत भाजी घेतली, आणि डोक्यात उजेड पडला नाही तो नाहीच. तिच्या घरी वीस आधी, इंग्रजीतही वीस आधी; मराठी तेवढी सात आधी सांगते. पोरगी जसं कानावर पडेल तसं लिहीत होती. त्यात एकोणतीसची तर कमालच : नाव तिसाचं आणि दशकाच्या घरात दोन!

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, आधी तुझ्या भाषेत म्हण, मग ‘वीस सात’ म्हण, मग सत्तावीस. ज्याची टिंगल केली तेच शिकवत होतो. महिन्याभरात वहीवरचा हात निघाला. पुढं एकदा मीच फळ्यावर हातचा विसरलो, तर मागून आवाज आला, “सर, चुकलं.” तिचाच. पहिली वगैरे आली नाही ती. एकोणऐंशीला अजून अडखळते.

पाढे मी आजही जुन्या शब्दांतच घेतो. दुकानात ‘पन्नास पाच रुपये’ म्हटलं तर दुकानदार तोंडाकडं बघत राहील. पण पायरी म्हणून ‘पन्नास पाच’ हवंच, हे मला कळायला एक पोरगी रडवावी लागली. तिची माफी मागितली, सगळ्यांदेखत. नारळीकर बाई जुलै २०२३मध्ये गेल्या. माझा तो विनोद फोनमधून पुसला, पण पुढं ढकललेला कुठं कुठं फिरला असेल, कोण जाणे.

आयाबापांना आता एक विनंती करतो. पोर शिकवणीला धाडताना ‘गणितात कच्चं आहे’ एवढंच सांगून परत जाऊ नका. घरी पैसे कोणत्या भाषेत मोजता, तेही सांगा.