गुरगुर

फाटकाशी नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चावत तं नाई ना जी?" पहिले दहा महिने मी हसून सांगायचो, "छे, लय गरीब आहे." आता सांगत नाही.

नागपुरातली नोकरी मुदतीआधी सोडून 2024 च्या पावसाळ्यात मी जामसांवलीला, आमच्या संत्र्याच्या बगीच्यात राहायला आलो. नागपूरहून सत्तरेक किलोमीटर. तालुका सौसर आणि 2023 पासून जिल्हा पांढुर्णा. घरात मराठी, सरकारी पर्चा हिंदीत. इथल्या मारुतीमुळे गावाचं नाव लांबवर माहीत आहे. हा मारुती उभा नाही, पिंपळाखाली आडवा आहे. जमिनीतल्या धनावर चोरांची नजर गेली, तेव्हा राखण करायला तो आडवा झाला, असं सांगतात. मंगळवारी-शनिवारी भक्तांची रीघ लागते, आणि आमच्या बगीच्याच्या कुंपणालगत पायवाटेने माणसं जात राहतात.

बगीच्याला राखण हवी. वांदरं संत्री खाण्यापेक्षा नासतात जास्त, आणि रात्री रानडुकरं येतात. म्हणून पोळ्यानंतर आठवड्याभरात दीड महिन्यांचं एक तांबूस पिल्लू आणलं. आई गावठी, बाप कोण ते आईलाच माहीत. नाव ठेवलं बंड्या. याआधी मी आयुष्यात पोपटसुद्धा पाळला नव्हता.

पिल्लू घरात येताच सल्लागार आले. माझे मोठेबाबा, वय अठ्ठ्याहत्तर, म्हणाले, "त्याले कोणाच्या हाती देऊ नको. चार लोकायनं कुरवाळलं की राखण गेली." शेजारच्या बगीचेवाल्याचा रॉटवायलर दिवसभर साखळीला असतो. तो म्हणाला, कुत्र्याला धाक पाहिजे, मालक कोण ते पहिल्याच महिन्यात कळलं पाहिजे. नागपूरचा माझा भाचा दर रविवारी मोबाईलवर काहीबाही पाठवायचा आणि वर फोन करायचा, "मामा, मारायचं नाही हं. बरोबर वागला की लगेच खाऊ द्यायचा." मी तिघांचंही ऐकलं. मोठेबाबा म्हणाले म्हणून पिल्लू मोटारीच्या खोलीत ठेवलं, शेजारी म्हणाला म्हणून साखळी आणली, भाचा म्हणाला म्हणून बिस्किटं आणली. आपण सगळ्यांचा मान राखतोय असं मला वाटत होतं. त्या जिवाच्या डोक्यात काय खिचडी शिजत असेल, हा विचार शिवला नाही.

भाषेचा घोळ वेगळाच. भाचा 'सिट' आणि 'स्टे' शिकवून जायचा. सालदार 'यू यू' करून बोलवायचा, मोठीआई 'हाड' म्हणायची. वांदरं आली की मी स्वतः 'छू' म्हणायचो. यातलं 'छू' त्याला एका दिवसात आलं. 'सिट' यायला तीन महिने लागले, तेही हातात बिस्कीट दिसलं तर. वांदरांमागे तो सुटला की मोठीआई कपाळाला हात लावी. "मारुतीच्या गावात वांदरावर कुत्रं सोडतं, पाप फेडशील कुठं?" मी म्हणायचो, मारुतीही राखणच करतोय. त्यावर ती बोलायची नाही, पण त्या दिवशी भाजीत मीठ कमी पडायचं.

बंड्या पायवाटेवरच्या भक्तांवर भुंकायचा. गप्प बसावा म्हणून मी बिस्कीट टाकायचो. तो गप्प बसायचा, खायचा, आणि पुढचा भक्त दिसला की दुप्पट जोराने भुंकायचा. भुंकलं की बिस्कीट मिळतं हा हिशोब त्याला चोख कळला होता. मी मात्र भाच्याला फोनवर सांगत होतो की तुझी पद्धत चालत नाही.

आठ महिन्यांचा झाला आणि गुरगुरायला लागला. ताटलीजवळ कोणी गेलं, झोपेत कोणाचा पाय लागला, अनोळखी हात डोक्याकडे आला, की ओठ किंचित वर आणि घशात घरघर. मी घाबरलो. शेजारी म्हणाला, हीच वेळ आहे, आज सोडलं तर उद्या डोक्यावर बसेल. मोठेबाबांनीही मान हलवली. मग मी संत्र्याची वाळकी फांदी हाताशी ठेवली आणि गुरगुरला की एक फटका द्यायला लागलो. महिन्याभरात गुरगुर बंद. बंड्या मान खाली घालून, कान मागे टाकून बसायला लागला. "पाय, कसा शांत झाला," मोठेबाबा म्हणाले. मीही फुशारलो. भाच्याला मुद्दाम फोन करून सांगितलं.

जुलैत, दुपारी पाऊस उघडला होता. कामावर येणाऱ्या बाईचा नऊ वर्षांचा मुलगा पडलेला पेरू उचलायला वाकला. पेरू बंड्याच्या ताटलीपासून हातभर अंतरावर होता. काही आवाज झाला नाही. पोराची किंकाळीच ऐकू आली. मनगटाच्या वर दोन दातांची भोकं होती, आणि रक्त येत होतं.

मोठीआई तिखटाचा डबा घेऊन धावली. इकडे कुत्र्याच्या चाव्यावर तिखट नाहीतर चुना भरायची जुनी रीत आहे. मी भाच्याला फोन लावला होता. तो पलीकडून ओरडला, "काही लावू नका! साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं!" पंधरा मिनिटं किती लांब असतात ते त्या दिवशी कळलं. पोरगं हुंदके देत होतं आणि मी मोटारीच्या पाण्याखाली त्याचा हात धरून घड्याळ बघत होतो. मग मोटरसायकलवरून सौसर. रक्त आलं होतं, म्हणून जखमेतच आधी इम्युनोग्लोब्युलिन टोचलं, आणि लस सुरू झाली. आज, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, अठ्ठाविसाव्या दिवशी. पोटातली ती जुनी चौदा इंजेक्शनं आता नाहीत, दंडाच्या कातडीत दोन बारीक टोचण्या असतात. बंड्याला तीन महिन्यांचा असताना रेबीजची लस दिली होती, तरी डॉक्टरांनी त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. लस दिलेली आहे म्हणून पोराची लस टाळायची नाही, हेही त्यांनी बजावलं. रेबीज एकदा अंगात दिसायला लागला की माणूस वाचत नाही, हे मला शाळेपासून माहीत होतं. पण ते दहा दिवस रोज पहाटे उठून, कुत्रा पाणी पितो की नाही ते बघणं वेगळं.

चारही वेळा मीच पोराला नेलं. पहिल्या दोन खेपांत तो बोलला नाही. तिसऱ्या खेपेला, लस घेऊन बाहेर समोसा खाताना म्हणाला, "काका, तो पयले गुरगुरे ना, मंग मी सरकून जाओ. आता गुरगुरतच नाई. मले कसं कळन?"

समोसा माझ्या हातातच राहिला. दहा महिने तिघांनी मिळून जे मला सांगितलं नव्हतं, ते या पोराला ठाऊक होतं. गुरगुर ही त्याची भाषा होती. 'सरक, नाहीतर' यातलं पहिलं अर्धं मी काठीने मारून टाकलं आणि दुसरं अर्धं शिल्लक ठेवलं.

पुढे सौसरच्या ढोरांच्या डॉक्टरांकडे बंड्याला नेलं. त्यांनी कुत्र्याआधी माझीच चौकशी केली. पिल्लू असताना किती माणसं बघितली यानं? तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लाला जे भेटतं ते त्याला आपलं वाटतं, त्यानंतर भेटतं त्याची आधी भीती वाटते, असं ते म्हणाले. बंड्याने तो काळ मोटारीच्या खोलीत माझ्याकडे आणि सालदाराकडे बघत काढला होता. "भाऊ, हा रागीट नाही. भित्रा आहे," डॉक्टर म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल, पण बरं वाटलं नाही. भित्रा केला कोणी?

साखळीचाही विषय निघाला. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 त्यांनीच सांगितलं. कुत्रा कायम बांधून ठेवायचा आणि त्याला फिरवायचं नाही, हा त्यात गुन्हा आहे. मी उलटा कायदा ऐकून आलो होतो. पाळलेल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला न्यायसंहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, असं शेजाऱ्याने घाबरवलं होतं. बांधलं तरी गुन्हा, सोडलं तरी गुन्हा. डॉक्टर हसले. म्हणाले, दोन्हींच्या मधली जागा म्हणजे तुम्ही स्वतः, दोरी हातात धरून, सकाळ-संध्याकाळ.

त्या ऑगस्टमध्ये चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नव्हता. 11 तारखेला सुप्रीम कोर्टाने दिल्लीतले रस्त्यावरचे सगळे कुत्रे उचलून निवाऱ्यात टाका म्हटलं. 22 तारखेला, नेमका पोळ्याच्या दिवशी, मोठ्या खंडपीठाने ते बदललं. नसबंदी करा, लस द्या आणि होते तिथे परत सोडा. फक्त पिसाळलेले आणि आक्रमक तेवढे सोडू नका. संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे आणि माणसं कुत्र्यांवर भांडतायत, असा तो पोळा. भाचा सणाला आला होता, तो नागपुरात रस्त्यावरच्या कुत्र्यांना भात घालतो. शेजाऱ्याने त्याला 2022 ची आठवण दिली. तेव्हा नागपूर खंडपीठानेच म्हटलं होतं, खाऊ घालायचंय तर दत्तक घ्या, घरी न्या. भाचा म्हणाला, त्याला महिन्याभरात सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली होती, तेही सांगा की. मला दोघांच्या भांडणात रस उरला नव्हता. माझ्या डोक्यात एकच शब्द अडकला होता, आक्रमक. बंड्या त्यात बसतो का? कोण ठरवणार? फांदीने मारणाराही मोजायचा का?

शेजाऱ्याने त्याच्या परीने तोडगाही सुचवला. रात्री मंदिराकडे नेऊन सोडून दे, देवाच्या दारी कुत्रं उपाशी मरत नाही. मला तो तोडगा दोन दिवस आवडला होता, हे कबूल करतो. पोराची आई मात्र तसं काही म्हणाली नाही. तिनं एवढंच म्हटलं, "मी आली का त्याले आत घाला जी." तिला मजुरी बुडवायची नव्हती आणि मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

भाच्याने मोठेबाबांना लांडग्यांची गोष्ट सांगितली. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या माणसाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले लांडगे बघितले आणि 1947 मध्ये लिहिलं, की ते वरचढ होण्यासाठी सतत झगडतात. तिथून 'कुत्र्यापुढे आपणच सरदार' हे सगळीकडे पसरलं. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाने स्वतःच्या 1970 च्या पुस्तकात तेच मांडलं होतं. पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघून 1999 मध्ये त्यानेच लिहिलं, रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं. सरदार वगैरे कोणी नाही. मोठेबाबा ऐकत होते. म्हणाले, "कोंडल्यावर माणसं बी तसेच वागतात."

भाच्याने नंतर तोंडाच्या जाळीचा विषय काढला. बाजारातली प्लॅस्टिकची बंड्याच्या तोंडाला बसत नव्हती. मोठेबाबा उठले आणि गोठ्यातून बैलाचं मुसकं घेऊन आले. डवऱ्याच्या वेळी बैलाने पराटीला तोंड लावू नये म्हणून बांधतात ते, दोरीचं विणलेलं. त्याच्यावरून त्यांनी दोन दिवसांत लहान मुसकं विणलं. घट्ट नाही, कारण कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते सरळ बंड्याच्या तोंडाला बांधायला निघालो, तर मोठेबाबांनी हात धरला.

"असं नाई. पयले त्याच्यात भाकर ठेव. त्याले खाऊ दे. बांधू नको. आठ दिवस नुसता खाऊ दे."

भाचा अवाक् झाला. नेमकं हेच तो मोबाईलवरून वर्षभर पाठवत होता. मोठेबाबांना त्यात नवल नव्हतं. गोऱ्ह्याला जुवाखाली घ्यायचं असलं तर असंच करतात, ते म्हणाले. आधी नुसतं जू खांद्यावर, मग जाणत्या बैलाशेजारी चार पावलं, मग ढेप, मग दुसऱ्या दिवशी आठ पावलं. बिचकला तर थांबायचं. पहिल्याच दिवशी तुतारी टोचली तर तो बैल जन्मभर मारका होतो.

मी विचारलं, मग मला फांदी हातात घ्यायला काऊन सांगितलं?

मोठेबाबा बराच वेळ दोरीची गाठ सोडवत राहिले. "बैलाले पैसे पडतात बाप्पा," ते म्हणाले. "कुत्रं फुकटचं."

पुढचे चार महिने सरळ गेले असं नाही. भाकर खाऊन बंड्या मुसक्याशी सलगी करायला शिकला, पण एकदा तेच चावून त्याने दोर तोडला. मोठेबाबांनी निमूट पुन्हा विणलं. सकाळी दोरीने फिरवायला नेतो तेव्हा गावातली माणसं विचारतात, कोण कोणाले फिरवून रायलं? भक्तांची पायवाट आम्ही लांबून बघतो. पन्नास पावलांवरून तो न भुंकता बसला तर तुकडा. आता तीस पावलांवर आलोय. 'छू' मी बंद केलं. पण वांदरं दिसली की माझ्याच घशात तो शब्द येतो, तो गिळावा लागतो. यंदा संत्री थोडी जास्त नासली.

पोरगं अजून आईबरोबर येतं. बंड्याच्या आणि त्याच्यामध्ये कुंपणाची जाळी असते, ती काढायची घाई कोणालाच नाही. मागच्या आठवड्यात तो जाळीजवळ बोरं वेचत होता, बंड्याची ताटली पलीकडे होती. अचानक घरघर ऐकू आली. खालच्या पट्टीतली, ओळखीची, कितीतरी महिन्यांनी. मोठेबाबांनी बाजेवरून मान वर केली. माझा हात सवयीने कोपऱ्यातल्या फांदीकडे गेला. फांदी तिथे नव्हती, मीच ती चुलीत घातली होती.

पोरगं दोन पावलं मागे सरकलं. बंड्या गप्प झाला आणि खायला लागला.

"काका," पोरगं ओरडलं, "गुरगुरला!"