कव्हर कोणी चढवलं?

‘डोन्ट जज अ बुक बाय इट्स कव्हर.’ स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये ही म्हण सगळ्यांनीच पाठ केलेली असते. अर्थ सोपा आहे. पुस्तकाची पारख कव्हरावरून करू नका, माणसाची कपड्यांवरून, रूपावरून करू नका. म्हण चांगली आहे, पण जातीच्या समाजात ती अपुरी पडते. ते कव्हर कोणी चढवलं, हा प्रश्न ती विचारतच नाही.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय नेसावं ते लिहून ठेवलं आहे: प्रेतावरचे कपडे, जेवायला फुटकी भांडी, अंगावर लोखंडाचे दागिने. दुसरा अध्याय नावंही ठरवतो. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं आणि शूद्राचं किळस वाटेल असं! म्हणजे आधी सक्तीनं कव्हर चढवायचं आणि मग तेच दाखवून माणसाला हलकं ठरवायचं.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं, अस्पृश्य म्हणून ओळखू येईल अशी लुगडं नेसण्याची पद्धत सोडा, ते जड दागिने टाका, मुलींना शिकवा. समाजशास्त्रात एम.ए. करताना श्रीनिवासांचं ‘संस्कृतीकरण’ शिकले, तेव्हा वर्गात कोणीतरी म्हणालं, हे तर वरच्या जातींचं अनुकरण झालं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. अनुकरण करणारा वरच्याला वरचा मानतो. इथे तर त्यांचा कायदाच जाळला होता. लादलेली खूण अंगावरून उतरवणं म्हणजे नक्कल नव्हे.

पण खूण उतरवली की प्रश्न संपतो का? १९१७ साली बाबासाहेब न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन पारशांच्या सराईत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली. आठवडाभराची मुदत मागितली तर संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर, असं उत्तर मिळालं. इतकी मोठी विद्या, पण लोकांनी फक्त जात वाचली.

शंभर वर्षांनंतरही मी अमरावती-अकोल्यात पोरापोरींसोबत रूम शोधायला जाते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी खेड्यातली पोरं, कपडे नीटनेटके, बोलणं नम्र. घरमालक भाडं सांगतो, पाण्याची वेळ सांगतो. मग विचारतो, “पूर्न नाव काय म्हनलं?” आडनाव ऐकलं की, “रूम तं कालच देल्ली बाप्पा.” आपल्याकडचं खरं कव्हर शर्ट नाही, आडनाव आहे. पोरं मला विचारतात, “ताई, आडनाव बदलू का?” बदलणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण ज्यानं नाव विचारून दार लावलं, त्याच्याबद्दल आपण गप्प बसायचं नाही, एवढं सांगते.

आता दुसरी बाजू. आपल्या पोरानं चांगला बूट घातला की उपदेश सुरू होतो, “गाडगेबाबा पाहा, चिंध्यांत राहिले.” बाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट कुटुंबातला. वाढले मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, मामाकडे. १९०५ मध्ये घर सोडलं आणि चिंध्या स्वतः निवडल्या. ज्यांच्या आज्यांना चिंध्यांशिवाय दुसरं काही घालूच दिलं नाही, त्यांच्या नातवंडांना साधेपणाचा धडा देणं हा कावेबाजपणा आहे. बाबासाहेबांचा सूटही निवडलेलाच होता. चिंध्यांतल्या बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये सुटातल्या बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. दोघांचा वेश दोन टोकांचा, पण काळजी एकच होती, गरिबाचं पोरगं शिकलं पाहिजे.

आणि हे आपल्यालाही लागू आहे. एप्रिलमध्ये निळा फेटा, डीजे, मोबाईलवर स्टेटस, सगळं दिसतं. तो दिवस आपला आहे, नटायचा हक्क आहे. पण पुतळ्यातल्या बाबासाहेबांचा कोट आपण उचलला आणि हातातलं पुस्तक तिथेच राहिलं, तर आपणही कव्हरच वाचलं असं होईल.

म्हणून मित्रांनो, इस्त्रीचा शर्ट घाला, हवा तो बूट घाला. मुलाखतीच्या फॉर्मवर पूर्ण नाव स्वच्छ अक्षरात लिहा. रूम नाकारली तर एकटे परत येऊ नका, चार जण मिळून जा आणि कारण विचारा. आणि वस्तीतल्या विहाराच्या कपाटाला कुलूप असेल, तर या रविवारी त्याची किल्ली शोधा. आत पुस्तकं आहेत.

जयभीम!