भाऊजींचे निष्क्रिय खाते

कॉमर्सच्या पदवीधराने विजेच्या वस्तूत हात घालू नये, असा आमच्या घराण्याचा दंडक आहे. फ्यूज उडाला की आम्ही मेणबत्ती लावतो आणि वायरमन येईपर्यंत भुताच्या गोष्टी सांगतो. त्यामुळे गिटारच्या ॲम्प्लिफायरवाल्यांचा जो कुलपुरुष, तो लिओ फेंडर मूळचा हिशेबनीस होता हे ऐकून माझी छाती दोन इंच फुगली. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी हा गृहस्थ अकाउंटन्सी शिकला, त्याने लोकांच्या खातेवह्या लिहिल्या, मंदीत नोकरी गमावली आणि १९३८ साली ६०० डॉलर उसने घेऊन रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. विजेचे शिक्षण त्याने कुठल्या कॉलेजात घेतले नव्हते आणि गिटार तर त्याला वाजवताच येत नव्हती. पण यात नवल ते काय? ज्यांनी जन्मात पानाची टपरी चालवली नाही असे साहेब आमच्या बँकेत कारखान्यांना कर्ज मंजूर करतातच की!

ही माहिती मला भाऊजींनी दिली. भाऊजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान. फुलर्टनपासून मोटारीने अर्ध्या तासावर त्यांचे घर. २०२३ च्या मे महिन्यात मी शिल्लक रजा खर्ची घालून तिकडे गेलो, तेव्हा भाऊजींच्या बायपासला दीड वर्ष झाले होते. ऑपरेशन उत्तम झाले होते, डॉक्टर खूष होते. फक्त भाऊजी गिटार वाजवेनासे झाले होते. "तू आलास तर निदान बोलतील तरी," असे ताई फोनवर म्हणाली होती.

दिवाणखान्यात १९६४ सालचा फेंडर डीलक्स रिव्हर्ब ॲम्प्लिफायर होता. त्यावर ताईने क्रोशाचा रुमाल घालून मनीप्लांट ठेवला होता. घरात एखादी वस्तू निवृत्त झाली हे जाहीर करायला मराठी बाईला क्रोशाचा रुमाल पुरतो.

"फार गुरगुरायला लागला होता," भाऊजी म्हणाले. "कपॅसिटर गेलेत त्याचे."

"मला बँकेच्या भाषेत सांगा," मी म्हणालो.

त्यांनी सांगितले ते असे. तिकडची वीज सेकंदाला ६० आवर्तने घेते, आपल्याकडची ५०. ॲम्प्लिफायरमधला एक व्हॉल्व्ह तिला एकाच दिशेने वळवतो, पण ती येते धक्क्याधक्क्याने. सेकंदाला १२० धक्के. बाकीच्या व्हॉल्व्हना हवा असतो संथ, अखंड पुरवठा. धक्का आला की साठवायचे आणि मधल्या फटीत काढून द्यायचे, हे कपॅसिटरचे काम. आपले जुने रेडिओवाले त्यालाच कंडेन्सर म्हणत.

मला चटकन उमगले. पगार महिन्यातून एकदा येतो, भूक रोज लागते. मध्ये असतो आईचा तांदळाचा डबा. एक तारखेला त्यात नोटा जातात आणि पंचवीस तारखेला, कुणाला पत्ता लागू न देता, बाहेर येतात.

"बरोबर!" भाऊजी म्हणाले. "आणि डब्याचं बूड दिसायला लागलं की घरात जी कुरकुर सुरू होते ना, तोच हा गुरगुराट." आणि ते हसले. ताई स्वयंपाकघरातून डोकावली आणि काही न बोलता आत गेली.

या कपॅसिटरच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि द्रवात भिजवलेला कागद यांची वळकटी असते. पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि सगळी अब्रू तो थर राखतो. द्रव हळूहळू सुकतो. पंधरा-वीस वर्षे टिकला तर पुष्कळ झाले. हे तर साठीला टेकलेले. गंमत अशी की, वापरला नाही म्हणूनही हा प्राणी बिघडतो. वीज मिळत राहिली तर थर शाबूत राहतो. वर्षानुवर्षे पडून राहिला की थर कमकुवत होतो, वीज झिरपते, अंग तापते.

"म्हणजे आमचं निष्क्रिय खातं," मी म्हणालो. खातेदाराने दोन वर्षे व्यवहार केला नाही की आम्ही खात्यावर तसा शिक्का मारतो. दहा वर्षे गेली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात.

"आणि पुन्हा चालू करायचं असेल तर?"

"केवायसी."

"इथेही असते. व्होल्टेज थोडं थोडं चढवत नेलं की थर परत जमतो. पण सुकलेला द्रव काही परत येत नाही."

"मग खातं बंद करून नवं उघडा!"

पण अडचण वेगळीच होती. लिओ फेंडरने १९६५ च्या जानेवारीत आपली कंपनी सीबीएसला विकली. त्यामुळे त्याआधीच्या मालाला शौकिनांच्या बाजारात सोवळ्याचा मान. भाऊजींच्या एका संग्राहक मित्राने बजावले होते, की आतला स्क्रूसुद्धा हलवू नका, किंमत उतरेल. आता हा प्रश्न विजेचा राहिला नव्हता. जमाखर्चाचा झाला होता. तिथे मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. मी सांगितले, "भाऊजी, खातेवहीत कपाट वेगळं आणि शाई वेगळी. कपाट मालमत्ता, शाई उपभोग्य. मूळची शाई टिकवायची म्हणून लिहायचं बंद केलेली कचेरी मी अजून पाहिली नाही."

भाऊजी बराच वेळ मनीप्लांटकडे बघत बसले. मग त्यांनी तो उचलून खाली ठेवला.

ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि आतले निळे कपॅसिटर ही मालमत्ता ठरली. निळ्यांच्या पोटात द्रवच नसतो, तेव्हा ते गळत नसले तर त्यांच्या वाटेला जायचे नाही. उपभोग्य खात्यात आले १६ मायक्रोफॅरड आणि ४५० व्होल्टचे पाच कपॅसिटर, आणि काही बारके. हे पाच जण एका पत्र्याच्या झाकणाखाली राहतात. त्या झाकणाला तिकडे 'कुत्र्याचे घर' म्हणतात. आत गुरगुरणारे पाच जण असल्यावर दुसरे काय म्हणणार?

या कामातला खरा धोका मला इथे समजला. स्विच बंद केला, वायर काढली, तरी कपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. निवृत्त झालेले हेडक्लार्क दुसऱ्या दिवशीही शाखेत येऊन बसतात, तसे. ते आधी रेझिस्टरमधून जमिनीला वाहू द्यायचे, मीटर लावून शून्य पाहायचे, आणि एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे चुकून झटका बसलाच तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीवाटे जात नाही. छातीचे नाव निघताच ताई हात पुसत बाहेर आली. "यांनी हात लावायचा नाही," ती म्हणाली.

शेवटी बँकेची पद्धत कामास आली. आमच्याकडे एक जण नोंद करतो, दुसरा तपासतो. एकट्याच्या सहीने पैसा हलत नाही. प्रत्येक कपॅसिटरपाशी मी मीटर वाचायचे, वहीत 'शून्य' लिहून सही करायची, मगच भाऊजींनी डाख वितळवायचा. ताई खुर्ची घेऊन प्लगपाशी बसली. हे समवर्ती ऑडिट.

नवे कपॅसिटर जुन्यांच्या निम्म्याने होते. त्यांची अधिक-उणे टोके सांभाळावी लागतात. बँकेत डेबिट-क्रेडिट उलटे झाले तर मेमो येतो. इथे कांडीच फुटते. त्यातही एक बायस नावाचा कपॅसिटर असा, की त्याचे अधिक टोक जमिनीला. "कॉन्ट्रा एन्ट्री!" मी ओरडलो. मग विजेच्या तारेपासून पत्र्याला जोडलेला एक आला. तो बिघडला तर अख्ख्या पत्र्यात वीज उतरते, म्हणून त्याला 'डेथ कॅप' म्हणतात, हे कळताच ताई म्हणाली, "ते मेलं आधी काढा!" तो निघाला आणि दोन पिनांच्या जागी तीन पिनांची वायर आली.

सर्वांत शेवटी उरले व्हॉल्व्हच्या पायाशी असलेले चिमुकले. "यांचं नाव काय?" मी वही सरसावून विचारले.

"बायपास," भाऊजी म्हणाले.

कुणीच काही बोलले नाही. भाऊजींनी शर्टाचे वरचे बटण लावले, चष्मा पुसला आणि ते चिमुकले इतरांपेक्षा जरा जास्तच जपून बसवले.

पहिल्यांदा वीज सोडताना वाटेत एक साधा बल्ब जोडतात. आत कुठे घोटाळा असेल तर तो लख्ख पेटून राहतो. आमचा बल्ब पेटला. ताईचा हात प्लगकडे गेला. पण कपॅसिटर भरले तसा तो मंद होत होत विझत आला. व्हॉल्व्ह केशरी झाले. मग बल्ब काढून थेट जोडणी केली. खोलीत काहीच ऐकू येईना.

"बंद पडला का?" ताईने घाबरून विचारले.

"नाही," भाऊजी म्हणाले. "दुरुस्त झाला."

त्यांनी गिटार घेतली. बोटे अडखळत होती, पण अर्धा तास ते थांबले नाहीत. मी वहीत सुट्या भागांची रक्कम टाकली आणि पुढे लिहिले : दुरुस्ती, महसुली खर्च.

"वीस वर्षांनी परत बदलावे लागतील हे," भाऊजी गिटार खाली ठेवत म्हणाले.

"तेव्हाही तुम्हीच बदलायचे," ताई क्रोशाच्या रुमालाची घडी घालत म्हणाली. "मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."