'असर' म्हणजे काय?

उद्यमबागेत लघुनामांची वाण नाही. सीएनसी, व्हीएमसी ही अक्षरे येथील कामगारांच्या तोंडी दिवसभर असतात. त्यांची पूर्ण रूपे सांगता आली नाहीत, तरी ती यंत्रे काय करतात हे त्यांना नेमके ठाऊक असते. मुलांच्या शिक्षणासंबंधीच्या लघुनामांचाही आपण असाच परिचय करून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

'असर' हे त्यांपैकी एक. 'अ‍ॅन्युअल स्टेटस ऑफ एज्युकेशन रिपोर्ट' या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून ते घडले. 'प्रथम' या संस्थेने २००५ साली या पाहणीस आरंभ केला. योगायोग असा नव्हे की, असर हा शब्द आपल्याकडे आधीपासूनच आहे. अरबीत त्याचा मूळ अर्थ खूण, माग. फारसीच्या वाटेने मराठीत येता येता तो परिणाम झाला. शाळेत गेल्याची मुलावर कोणती खूण उमटली, हाच या पाहणीचा प्रश्न.

ही पाहणी प्रामुख्याने ग्रामीण भागात, शाळेत नव्हे तर घरी जाऊन होते. पत्रकावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल पाचवीत असो वा आठवीत, पत्रक तेच. म्हणूनच 'पाचवीतील इतक्या मुलांना दुसरीचे वाचता येत नाही' असे निष्कर्ष वर्तमानपत्रांत येतात.

सीमाभागासाठी खरा मुद्दा यापुढे आहे. पत्रके मराठीतही असतात, कन्नडमध्येही. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलापुढे कन्नड पत्रक आले, तर ते अडखळेल. परंतु ते अडखळणे वाचनाचे नव्हे, भाषेचे. चुकीचे गेज लावून जॉब नापास ठरवल्यास दोष जॉबचा नसतो, हे उद्यमबागेत कोणास सांगावे लागत नाही. म्हणून मुलांच्या वाचनाविषयीचा कोणताही आकडा समोर आला, की आपण प्रथम विचारावे : तपासणी कोणत्या भाषेत झाली?

मात्र हा प्रश्न आपली ढाल होऊ नये. मराठीत वाचनच कच्चे राहिले असेल, तर तो उणेपणा भाषेच्या वादाआड लपवून मुलाचे हित होणार नाही. आज रात्री पाचवीतल्या मुलाच्या हाती दुसरीचे मराठी पुस्तक द्यावे आणि एक धडा मोठ्याने वाचून घ्यावा. 'असर'चा अर्थ त्या दहा मिनिटांत कळेल.