तिसरा अंतरा

आमच्या लहानपणीं ‘हिट्’ हा शब्द घरांत आलेला नव्हता. गाणें ‘गाजत’ असे. एखादें गाणें गाजत आहे हें आम्हां मुलांना कोणी सांगावें लागत नसे. प्रथम तें कोपऱ्यावरच्या हॉटेलांत ऐकूं येई, मग दूध घालणाऱ्या गवळ्याच्या शिटींत, मग गणपतीच्या मांडवांतल्या कर्ण्यावर. आणि ज्या दिवशीं तें भांड्यांच्या आवाजांत मिसळून आमच्या स्वयंपाकघरांतून ऐकूं येई, त्या दिवशीं तें खरोखर गाजलें असें समजावें. माझा जन्म १९५० सालचा. तेव्हां ज्या गाण्यांविषयीं मी लिहीत आहें तीं साधारणपणें १९५४ ते १९५८ या काळांत माझ्या कानांवर पडलेलीं. तीं चांगलीं होतीं कीं नव्हतीं याचा निवाडा करण्याचा माझा विचार नाहीं. चार-पांच वर्षांच्या वयांत ऐकलेल्या गाण्यांच्या बाबतींत आवडनिवड संभवतच नाहीं. तीं आडनांवासारखीं असतात. आपण निवडलेलीं नसतात, पण जन्मभर बरोबर येतात.

सदाशिव पेठेंतल्या आमच्या घरांत रेडिओ एकच होता आणि तो आजोबांच्या बैठकींत होता. त्याचा वार्षिक परवाना पोस्टांतून काढावा लागे. परवाना आजोबांच्या नांवाचा, म्हणून काय ऐकावयाचें हें ठरविण्याचा अधिकारही त्यांचाच. सकाळचें भक्तिसंगीत, बातम्या आणि रात्रीं शास्त्रीय गायन, एवढें त्यांना मान्य होतें. सिनेमाचीं गाणीं हा विषय बैठकींत निघत नसे. योगायोग असा कीं, त्या काळीं सरकारचें मतही आमच्या आजोबांसारखेंच होतें. १९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ हद्दपार झालीं. हद्दपार झालेलीं गाणीं समुद्र ओलांडून सिलोनला गेलीं आणि तेथून पुन्हां आमच्या बैठकींत आलीं. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारीं रात्रीं आठ वाजतां अमीन सायानींचा आवाज येई. पुढें गाण्यांना क्रम लावून एकेक ‘पायदान’ चढविण्याची प्रथाही तेथें पडली.

बुधवारीं आठाच्या सुमारास आजोबांना शतपावलीची आठवण होई. एरवीं ते वाड्याच्या चौकांतच फिरत. बुधवारीं मात्र ओंकारेश्वरापर्यंत जात आणि नऊ वाजल्याशिवाय परतत नसत. त्यांनीं परवानगी कधीं दिली नाहीं, आणि बंदीही कधीं घातली नाहीं. एकत्र कुटुंबांत पुष्कळ गोष्टी अशाच चालतात. कोणी होय म्हणत नाहीं, कोणी नाहीं म्हणत नाहीं, आणि मधल्या तासांत सर्वांचें भागतें.

एकदांच त्यांची निष्ठा उघडपणें डळमळली. ‘बैजू बावरा’ हा १९५२ चा चित्रपट. त्यांतली तानसेन आणि बैजू यांची जुगलबंदी अमीर खां आणि द. वि. पलुस्कर यांनीं गायिलेली आहे. शेजाऱ्यांनीं तिची तबकडी आणली होती. आजोबांनीं तरुणपणीं विष्णु दिगंबरांचें गाणें ऐकलेलें. त्यांच्या चिरंजीवांचा आवाज भिंतीपलीकडून आला तेव्हां ते उठून खिडकीपाशीं गेले. ‘गाणें सिनेमाचें असेल, गळा पलुस्करांचा आहे,’ असें म्हणून तबकडी संपेपर्यंत ते तेथेंच उभे राहिले. १९५५ च्या ऑक्टोबरांत पलुस्कर अवघ्या ३४ व्या वर्षीं वारले. त्या रात्रीं आजोबा पानावर बसले नाहींत.

आतां जी गोष्ट सांगण्यासाठीं हें लिहावयास घेतलें ती सांगतें. तेव्हांचें गाणें बोलावल्यानें येत नसे. तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. पण १८ माणसांच्या घरांत नवी तबकडी ही चैन होती. आमच्या चावीच्या फोनोवर बालगंधर्व आणि अब्दुल करीम खां यांच्यापलीकडे फारसें कोणी नव्हतें. राहतां राहिला रेडिओ. सिलोन लघुलहरींवर लागे. आवाज भरतीसारखा चढे आणि ओहोटीसारखा उतरे. धृपद स्पष्ट ऐकूं यावें, पहिला अंतरा यावा, आणि पुढचें सारें खरखरींत बुडावें. पुन्हां ऐकावयाचें तर आठ दिवस थांबणें आलें. आणि पुढच्या बुधवारीं तें गाणें मालेंतून गळलें तर थांबणेंही फुकट.

म्हणून घरानें गाणें वांटून घेतलें होतें. धाकट्या काकाला चाल अचूक येई, शब्द येत नसत. काकूजवळ धृपद असे. थोरला चुलतभाऊ मधलीं वाद्यें तोंडानें वाजवी. ‘नागिन’ (१९५४) मधली पुंगी तर तो अशी काढी कीं अंगावर काटा यावा. ती पुंगी मुळीं पुंगीच नव्हती, कल्याणजींनीं ती क्लॅव्हियोलिन नांवाच्या विजेच्या वाद्यावर वाजविली होती, हें आम्हांला पुष्कळ वर्षांनीं कळलें. त्या वेळीं आजीला मात्र ती इतकी खरी वाटे कीं, दिवेलागणीनंतर तें गाणें घरांत काढावयाचें नाहीं, विहिरीकडून जनावर येईल, असा तिचा हुकूम होता. असें प्रत्येकाजवळ गाण्याचें कांहीं ना कांहीं असे. आणि कोणाजवळही नसलेला तिसरा अंतरा आत्याजवळ असे.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षीं तिचें कुंकू गेलें आणि ती माहेरीं परत आली. मला कळूं लागलें तेव्हां ती चाळिशीच्या आंतबाहेर होती. तिचा छळ घरांत कोणीही केला नाहीं. पण तिला कोणी कांहीं विचारीतही नसे. मुंजी ठरत, लग्नें जमत, जागेचे व्यवहार होत. आत्या सर्वांसाठीं लाडू वळी आणि कार्याच्या दिवशीं कोठीच्या खोलींत बसे. तिच्याजवळ मागावयास यावें असें घरांत एकच होतें. ‘अक्का, पुढें काय ग?’ असें काकानें स्वयंपाकघराच्या दारांतून विचारावें, आणि परातींतल्या कणकेवरून नजर न काढतां तिनें पुढची ओळ सांगावी. म्हणतांना तिचा आवाज शेजारच्या खोलींत जात नसे. हिंदी तिला बोलतां येत नव्हतें. अर्थ विचारला तर, ‘अर्थ कशाला हवा? विरहाचेंच असेल,’ असें म्हणून ती हंसे.

१ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, पुणें केंद्रावरून गीतरामायण सुरू झालें. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आणि दर आठवड्यास एक नवें गीत. त्या वर्षीं अधिक मास आल्यानें ५२ च्या जागीं ५६ गीतें झालीं. पुण्यांत त्या वेळेस रस्ते शांत होत, कित्येक घरीं रेडिओला हार घातला जाई. आमच्या घरीं त्याहून मोठी गोष्ट झाली. आत्या बैठकींत येऊन बसूं लागली. दाराजवळ, पण उंबऱ्याच्या आंत. एका आठवड्यांत माणिक वर्मांच्या स्वरांत सीतेचें गीत झालें. रविवारीं दुपारीं आजोबा तें आठवूं लागले, तों मधलीं दोन कडवीं त्यांना सांपडेनात. त्यांनीं माझ्या वडिलांकडे पाहिलें, काकाकडे पाहिलें. आणि मग आत्याला विचारलें. आत्यानें तें गीत आरंभापासून अखेरपर्यंत म्हटलें. त्या दिवशीं तिनें आवाज लहान केला नाहीं.

३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविधभारती सुरू झाली आणि सिनेमाच्या गाण्यांची हद्दपारी संपली. गाणीं दिवसभर मिळूं लागलीं. पुढें ट्रॅन्झिस्टर आला. कांहीं वर्षांनीं काकानें टेपरेकॉर्डर आणला. गाणें अडलें कीं तो कळ दाबी. आत्याला कोणीं दुखविलें नाहीं. फक्त स्वयंपाकघराच्या दारांत येऊन विचारणें थांबलें. स्मरण ठेवण्याचें काम यंत्राकडे गेलें, आणि घरांतलें तिचें एकमेव पद कोणाच्याही नकळत रद्द झालें.

ती गेल्यावर तिच्या ट्रंकेंत एक जाड वही निघाली. पुढून अभंग, भूपाळ्या, आरत्या. वही उलटी करून मागून पाहिलें तर सिनेमाचीं गाणीं. टाकानें, बारीक अक्षरांत, तारखांसह लिहिलेलीं. तारखा बहुतेक बुधवारच्या. ज्या ओळी खरखरींत बुडाल्या असतील तेथें तिनें जागा मोकळी सोडली होती आणि पुढच्या एखाद्या बुधवारीं निराळ्या शाईनें ती भरली होती. आम्ही सारे तिला एकपाठी समजत होतों. तो जन्मजात गुण नव्हता, रात्रीं सर्वांची निजानीज झाल्यावर केलेले श्रम होते. टेपरेकॉर्डर आला त्या सालानंतर मागच्या बाजूस एकही नोंद नाहीं. अभंगांची बाजू मात्र चालू राहिली. दोन्ही बाजूंच्या मध्यें बरींचशीं पानें कोरीं आहेत.

आजच्या सोयींना नांवें ठेवणारी मी नव्हें. माझ्या नातवंडांना १९५४ चें गाणें हवें असेल तर तें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों हजर होतें, आणि त्याचा तिसरा अंतराही खणखणीत ऐकूं येतो. आत्यासारखी एखादी स्त्री आज घरांत असेल तर तिला आवाज चोरावा लागणार नाहीं, हेंही थोडें नव्हे. तीं गाणीं मीही या सोयीनें पुन्हां ऐकलीं आहेत. जीं कडवीं त्या काळीं आत्याखेरीज कोणाला येत नव्हतीं तेथें गाणें पोंचलें कीं गाणाराचा आवाज मागें पडतो आणि मला परातीचा आवाज ऐकूं येतो.

माझ्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं अजून असें एखादें वडील माणूस असेल, जें फारसें बोलत नाहीं आणि ज्याला फारसें कोणी विचारीत नाहीं. एखादें जुनें गाणें अडलें तर यंत्राकडे वळण्यापूर्वीं एकदां त्या माणसाजवळ जाऊन, ‘पुढें काय?’ एवढें विचारून पाहावें. शब्द चुकले तरी चालतील.